शेजारची सीट

"अक्का, बसत नाही." नरसिंहनं केबिनमधून डोकं बाहेर काढलं. "मी आधीच म्हटलं होतं. सीटमागं स्वल्प पण जागा नाही. जॅक कसाबसा मावतोय तिथं, हा सबवूफरचा डबा कुठून मावणार?"

ठकुबाई फूटपाथवर हाताची घडी घालून उभी होती. जे. सी. रोडमागच्या त्या गल्लीत गाड्यांची सजावट करणारी दुकानं एकाला एक लागून होती आणि समोर उभ्या गाड्या सगळ्या कार होत्या. छोटा हत्ती टेम्पो तिचा एकटीचाच. दोन माणसांची चिमुकली केबिन आणि मागं उघडा हौदा.

"सीटखाली?"

"शेजारच्या सीटखाली उंची पुरत नाही, तुमच्या सीटखाली इंजिन आहे. तापतं. महिन्याभरात जळून जाईल सगळं."

"मागं हौद्यात?"

"तिथं लावला तर गाणं रस्त्याला ऐकू येईल, तुम्हाला नाही. वर पाऊस." नरसिंह खाली उतरून हात पुसू लागला. त्याचं मराठी घराणं कितीतरी पिढ्या बंगळूरमध्ये होतं आणि त्याची मराठी ठकुबाईला पहिल्यांदा कन्नडच वाटली होती. "त्यापेक्षा दारात दोन चांगले स्पीकर बसवतो. आवाज स्वच्छ. सरी, चालेल ना?"

"स्पीकर नकोत. असं पाठीत लागलं पाहिजे."

नरसिंहनं तिच्याकडे नीट पाहिलं. डोक्यावरून पदर घेतलेली पन्नाशीकडची बाई, पायात बूट. त्याच्याकडे सबवूफर मागायला येणारी गिऱ्हाइकं बहुतेक कॉलेजातली असत.

ठकुबाई निपाणीची. लहानपणी तंबाखूच्या वखारीत कामाला होती, लग्नानंतर बंगळूरला कपड्यांच्या कारखान्यात शिलाईवर बसली. आवाजात तिचं आयुष्य गेलं होतं, पण त्यातला कुठलाच आवाज तिनं निवडलेला नव्हता. नवरा आप्पाजी गेला तेव्हा ही गाडी दारात होती. ती विकायची असं सगळ्यांनी ठरवलं आणि ठकुबाईनं लायसन काढलं. तेव्हापासून कोरमंगलातल्या पीजी हॉस्टेलांच्या चादरी नि अभ्रे येलहंकाच्या लाँड्रीत आणायचे आणि धुतलेले परत पोचवायचे, हे तिचं काम.

महिन्यापूर्वी हेब्बाळच्या सिग्नलला कोथिंबीर भरलेली एक पिकअप शेजारी येऊन थांबली. तिच्यातलं गाणं कानाला धड कळतही नव्हतं. ते दारातून, सीटमधून वर आलं आणि पोटात शिरलं. सिग्नल सुटला तशी ठकुबाई त्या पिकअपच्या मागं मागं गेली आणि रोजचं वळण चुकली. अशी ती कधी चुकली नव्हती.

"ती सीट काढली तर?" तिनं विचारलं.

"कुठली? ही शेजारची?" नरसिंहनं आत वाकून अंदाज घेतला. "मग काय, आरामात बसेल. डबा तिथं, अॅम्प्लिफायर त्याच्या मागं. पण तिथं कोण बसतं?"

ठकुबाई रस्त्याकडे बघत म्हणाली, "कोणी नाही."

तिथं तिचे थोरले दीर बसत, पिराजी. आप्पाजीच्या दिवसांना ते निपाणीहून आले. 'बाईमाणूस एकटं गाडी घेऊन कसं जाणार?' म्हणून पहिल्या दिवशी शेजारी बसले ते बसलेच. त्यांची बायको पूर्वीच वारलेली, मूलबाळ नाही. सुरुवातीला ठकुबाईला त्यांचा मोठा आधार वाटायचा. चढावर गाडी बंद पडली की पिराजी खाली उतरत, दोन्ही हात पसरून मागचा सगळा रस्ता थांबवत आणि हॉर्न वाजवणाऱ्यांना शिव्या देत. पुढं तिचा हात बसला. पिराजींचं बोलणं मात्र थांबलं नाही. ब्रेक. हळू. तो बघ आला. डावीकडं घे. आप्पा असता तर हितनं घेतली नसती. येलहंकापासून कोरमंगलापर्यंत आणि परत. त्यांना स्वतःला सायकलपलीकडे काही चालवता येत नव्हतं.

सध्या ते चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला निपाणीला गेले होते. उद्या सकाळी परत येणार होते.

"चार बोल्ट आहेत फक्त," नरसिंह पाना शोधत म्हणाला. "पासिंगच्या वेळी परत लावायला लागेल, तेवढी सीट सांभाळून ठेवा."

सीट निघाली. तिच्याखाली तंबाखूचा चुरा होता, तो नरसिंहनं झाडून काढला. मग बॅटरीकडून जाड लाल वायर आत आली, मध्ये फ्यूज बसला, पत्र्याला भोकं पडली. काळा डबा पट्ट्यांनी आवळून घट्ट केला. सगळं झाल्यावर त्यानं विचारलं, "कुठलं गाणं लावू?"

याचा ठकुबाईनं विचारच केला नव्हता. "काहीही लावा."

त्यानं आपल्या फोनवरचं एक कन्नड गाणं लावलं. ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली. समोरची काच थरथरायला लागली.

"अजून."

"अक्का, कान जातील."

"जाऊ देत की. अजून."

नरसिंह हसला आणि त्यानं आवाज वाढवला. ठकुबाईनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि डोळे मिटले. घरी जाताना मेखरी सर्कलला ती ट्रॅफिकमध्ये अडकली, पण सिग्नल लवकर सुटावा असं तिला वाटलं नाही.

सकाळी पिराजी आले, अंघोळ केली, धुतलेला शर्ट आणि टोपी घातली आणि जेवणाची पिशवी घेऊन गाडीपाशी गेले. दार उघडलं आणि थांबले. ठकुबाई पलीकडून चढली होती. काय काय बोलायचं ते तिनं घोकून ठेवलं होतं.

"हे काय म्हनायचं?"

"गाण्याचं आहे. स्पीकर."

"लई मोठा हाय."

"हां."

पिराजींनी डब्यावर हात ठेवला, जरा दाबून बघितला. "मग मी कुठं बसू?"

"तुम्ही आता घरी बसा की, भावजी. किती दिवस हिंडणार उन्हातान्हाचं? मला जमतंय सगळं."

ते ओरडतील, निपाणीला फोन लावतील, गल्ली गोळा करतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी फक्त दार लावून घेतलं. ते नीट लागलं नव्हतं म्हणून पुन्हा उघडलं आणि परत लावलं. मग पिशवी हातात घेऊन बाजूला उभे राहिले, गाडीला वाट मिळावी म्हणून.

तो दिवस तिला फार बरा गेला. तिनं गाणं लावलं आणि बंद केलंच नाही. पहिल्या हॉस्टेलच्या वॉचमननं कन्नडमध्ये विचारलं, "अज्जा कुठं आहेत?" ती म्हणाली, घरी. तो म्हणाला, "मग आज गेट कसं उघडायचं ते मला कोण शिकवणार?" दोघंही हसले. दुसऱ्या हॉस्टेलवर स्वयंपाकीणबाईनं तेच विचारलं, तिसऱ्या ठिकाणी चहावाल्यानं. तोवर तिचं हसू संपलं होतं. "घरी आहेत," एवढंच सांगून ती चादरी मोजून घ्यायला लागली.

शेवटचं हॉस्टेल पुढं वाट नसलेल्या एका गल्लीत होतं. तिथं गाडी उलटीच न्यावी लागायची आणि दोन्ही बाजूंना स्कूटर लावलेल्या असायच्या. ती आरसा बघत मागं घ्यायला लागली, तोच हौद्याच्या फळीवर थापा पडल्या.

"येऊ दे… येऊ दे… बास!"

ती गाणं बंद करून उतरली. पिराजी मागं उभे होते. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

"कसे आलात?"

"बसनं. मॅजेस्टिकच्या स्टँडला बदलली. बायकास्नी फुकट हाय न्हवं, सगळी बस बायकांनी भरलेली. उभ्यानंच आलो."

"पण कशाला?"

"घरात भिंती बघत बसू? आनि हितं गाडी मागं घ्यायला तुला जमत न्हाई."

"जमतं की, भावजी. सकाळपासून सगळीकडं घेतली."

"एकटीनं?"

"एकटीनं."

"लागली न्हाई कुठं?"

"नाही."

पिराजी गाडीभोवती फिरले. मागचे दोन्ही कोपरे त्यांनी वाकून बघितले, एका ठिकाणी बोट फिरवलं. तो जुनाच ओरखडा होता. "बरं झालं," ते म्हणाले आणि हॉस्टेलच्या पायरीवर बसले.

थोड्या वेळानं उठून त्यांनी तिला गाठोडी चढवायला मदत केली. हौदा भरल्यावर ठकुबाई म्हणाली, "मागं बसा आज. गाठोड्यांना टेकून. मी हळू नेते, पोलीस धरत नाहीत."

"मागं?" पिराजींनी तिच्याकडे बघितलं. "मी काय मळकी चादर हाय?"

तिनं हौद्याची फळी लावली. पिराजींनी पिशवीतून बाटली काढली, पाणी प्याले, तोंड पुसलं. मग खिडकीपाशी येऊन म्हणाले, "वाजतंय कसं ते तरी बघू."

तिनं गाणं लावलं. पिराजी बाहेरूनच वाकले आणि डोकं आत घातलं. टोपी हलू लागली म्हणून त्यांनी ती हातानं धरली. बराच वेळ ते तसेच राहिले.

"छातीत मारतंय की गं."

"हां."

"आप्पानं असलं काय लावलं नसतं."

"नाही."

"तुला आवडतंय?"

ठकुबाईनं मान हलवली. "आवडतंय."

"मग असू दे."

चार बोल्टांचं काम होतं. सीट घरी पोत्यात गुंडाळून ठेवलेली होती, पाना गाडीत होता. उद्या परत लावते, असं एक वाक्य बोललं असतं तर पिराजी तेवढ्यावर खूश झाले असते. ते तिच्या अगदी ओठांवर आलं. पण तिनं ते म्हटलं नाही. म्हणाली, "उद्यापासून जेवण घरीच ठेवत जाईन तुमचं. गरम खाता येईल."

"चालेल," पिराजी म्हणाले. "जा तू. मी बसनं येतो. लाँड्रीवाला खोळंबला असंल."

ते मुख्य रस्त्यापर्यंत चालत गेले. ठकुबाई गल्लीतून बाहेर पडली तेव्हा ते स्टॉपवर गर्दीत उभे होते आणि शिवाजीनगरला जाणारी बस येऊन थांबत होती. ते कंडक्टरला कन्नडमध्ये काहीतरी विचारत होते. त्यांचं कन्नड कंडक्टरला कळलं नसावं, कारण त्यानं नुसताच आत चला असा हात केला. मागच्या माणसांच्या रेट्यानं पिराजी वर चढले.

ठकुबाईची गाडी बसच्या मागंच लागली. मागच्या काचेतून त्यांची पांढरी टोपी दिसत होती. वरचा दांडा धरून ते उभे होते, बस थांबली की पुढं जात होते आणि सुटली की मागं येत होते. कोणी उठून त्यांना जागा दिली नाही.

रिचमंड रोडपर्यंत ठकुबाईला पुढं जायला दोनदा मोकळा रस्ता मिळाला. मागच्यांनी हॉर्न वाजवले. ती बसच्या मागंच राहिली. गाणं चालू होतं.