फ्रिजचं दुखणं आणि बारा मासे

शनिवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी तरंगांनी आजार उतरवणाऱ्या तरंगगुरूंनी माशांच्या टाकीवरचं काळं कापड ओढलं. आतले बाराही निऑन टेट्रा मासे फिकट पडले होते. निळा पट्टा पुसट, तांबडा जवळजवळ गायब.

"बघा," गुरू म्हणाले. "काकूंचं ब्लडप्रेशर माशांत उतरलं."

काका-काकूंच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत तेवीस माणसं होती. चपलांची रांग दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली होती. गुरूंनी टाकीवरची दिव्याची ट्यूब लावली आणि वीस मिनिटं डोळे मिटून पुटपुटले. हळूहळू निळा उजळला, तांबडा परतला, थवा पाणवनस्पतींमधून सुळकन वळू लागला.

"रोग जळाला. गोळ्या बंदच ठेवा. आणि ते प्रेशरचं यंत्र लावू नका, तरंग बिघडतात."

गुरूंच्या सांगण्यावरून काकूंच्या गोळ्या आठवडाभर बंद होत्या. काकांना ते पटत नव्हतं. पण मासे त्यांनीच हौसेनं पाळलेले. डोळ्यांदेखत घडलेलं नाकारायचं कसं, हे त्यांना सुचेना.

साडेदहाला माशांच्या दुकानातल्या ताई फिल्टरचा स्पंज बदलायला आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "कापड किती वेळ होतं?"

"तासभर," काका म्हणाले.

"उजेडात तरंग विरतात," गुरूंनी खुलासा केला.

"बरं. आता मी झाकते. काकू, तुम्ही आत जाऊन पडा. पेशंट म्हणून फ्रिज ठेवू."

गुरू हसले. "माझ्याशिवाय काहीही होणार नाही."

"तेच तर बघायचंय. बसा की, घाई आहे का?"

साडेअकराला ताईंनी कापड काढलं. मासे फिकट.

गुरूंनी घसा साफ केला. "फ्रिजमध्येही दोष असणार."

"मग आमच्याकडे या ना," मागून एक शेजारीण म्हणाली. "महिनाभर बर्फच धरत नाहीये."

ताईंनी ट्यूब लावली आणि मंत्राऐवजी स्पंज पिळत बसल्या. पंधरा मिनिटांत मासे रंगात आले.

"हे अंधारात रंग सोडतात," ताई म्हणाल्या. "रोज रात्री. तुम्ही झोपलेले असता, म्हणून दिसत नाही. माशांना दुखणी देता आली असती, तर मी दुकान दवाखान्याला चिकटून काढलं असतं."

काकू दारात आल्या होत्या. "पण मला हलकं वाटतंय गं."

"वाटण्यावर जाऊ नका. यंत्र लावा."

काकांनी लावलं. वरचं एकशे ब्याऐंशी, खालचं एकशे दहा. आकडे वाचून होईतो गुरू जिना उतरले होते. कापड न्यायचं राहिलं.

चमत्कार दिसला, तर तो करणाऱ्याला बाजूला बसवून एकदा करून बघावा. इथे एक तास पुरला. काकूंचा त्याआधी आठवडा गेला होता.

काकांनी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, लगेच आणा. साडेबाराला दवाखान्यात काकूंना आत घेतलं. तिथलं दुसरं रीडिंग अजून कळलेलं नाही.