बसम्माचं खापर

पत्र्याच्या शेडांसमोर अख्खं गाव गोळा झालं होतं. भूकंपाला वर्ष उलटलं तरी आमच्या औशाकडची जमीन अधूनमधून गुरगुरायची. ती कुणाच्या पापानं गुरगुरते, हे भस्मेबाबा आज सांगणार होते.

"घरटी एक खापर! ज्याच्या पोटात पाप, त्याचं खापर पाण्यात बोलतं!" चिलमीचा झुरका घेत बाबा गरजले.

नावं लिहिलेली खापरं आदल्या दिवसापासून त्यांच्याकडे 'शुद्धीला' होती. एकेक खापर घंगाळात पडलं आणि गप्प बसलं. बसम्माचं मात्र फसफसून बुडबुडलं.

"बोललं! बोललं!" लोक ओरडले.

बसम्मा पिठाची गिरणी चालवायची. तिचा गुन्हा एवढाच, की बाबांच्या चेल्याला तिनं दळणाच्या रांगेत उभं केलं होतं.

तिला वाळीत टाकलं. तिच्याकडे दळायचं नाही, तिला टँकरचं पाणी द्यायचं नाही, बोलायचं नाही. तिच्या शेजारच्या शिवप्पानं तर तिच्या शेळीशीही बोलणं सोडलं. आधी काय बोलायचा, देव जाणे. आणि मी? लातूरच्या क्लासात दोनशे पोरांना फिजिक्स शिकवणारा मी आठ दिवस शेजारच्या गावाहून दळण आणत होतो. सांगायला लाज वाटते.

नवव्या दिवशी तिची मुलगी अंबिका, माझीच विद्यार्थिनी, क्लास सुटल्यावर थांबली.

"सर, आई गिरणी विकायलीय. माझी अकरावी सुटली आता." मग डोळे पुसून म्हणाली, "पण सर, नवा माठ पहिल्यांदा भरला की बुडबुडतोच की. त्यात पाप कुठलं?"

मी कपाळावर हात मारला. त्या दिवशी सगळ्यांची खापरं काळपट, ओली होती. बसम्माचं तेवढं कोरडं खडखडीत! म्हणजे शुद्धीच्या नावाखाली बाकीची रात्रभर भिजवली होती.

रविवारी बाबांच्या खापर-परीक्षेचा दुसरा फेरा होता. मी म्हणालो, "बाबा, आज शुद्धी नको. कोरडीच टाकू."

"देव कोपंल!"

"कोपू द्या की, बगू तर," गर्दीतल्या चतुराबाईनं आपलं खापर टाकलंसुद्धा. ते बुडबुडलं. माझंही बुडबुडलं. शिवप्पाचं सगळ्यांत जोरात.

"म्हंजी समदं गावच पापी?" तो रडकुंडीला आला.

अंबिकानं बाबांच्या हातची मातीची चिलीम ओढून घंगाळात टाकली. चिलमीनं असा काही आवाज केला की बाबा आधी पळाले, चेला मागून.

"कोरड्या मातीच्या छिद्रांत हवा असते," मी म्हणालो. "पाणी शिरलं की ती बाहेर पडते. भिजलेल्या खापरात हवाच उरत नाही. जमीन हलते ती खोलवरचे खडक सरकल्यानं. आणि हा खेळ जुना आहे. ग्रीसमधल्या अथेन्सचे लोक खापरावर नाव कोरून माणसाला दहा वर्षं शहराबाहेर काढायचे. वाळीत टाकण्याला इंग्रजीत 'ऑस्ट्रसिझम' म्हणतात, तो शब्द खापराच्या ग्रीक नावावरूनच आला. पण ते निदान मतं मोजायचे. आपण बुडबुडे मोजले! एखाद्याचं पाणी तोडण्याआधी, खापर ओलं की कोरडं, एवढं तरी बघत जा."

"धा वर्सं? मग दळण कुठं करायचे वो?" चतुराबाईला तेवढीच काळजी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणी सुरू झाली. मी डबा घेऊन थेट पुढं गेलो आणि म्हणालो, "बसम्मा, चुकलं माझं."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं.

"हाव सर, चुकलंच. रांगेत या."