सोल्वायच्या कोंबड्या

रक्तातली साखर उतरली की आमच्या मधुमेही थोर्किलचा राग नाकावर यायचा. एरवी गरीब गाय, पण तेव्हा खुर्चीवरसुद्धा खेकसायचा. मी ओळखायचे, लगेच ज्यूस द्यायचे. पुढे तो राग गेला. लोक म्हणाले, बरं झालं. डोंबलाचं बरं. साखर रसातळाला जायची, तरी हा हसतमुख, आणि बसल्या बसल्या कोसळायचा. बस ड्रायव्हर होता, एकदा रिकामी बस बीटच्या शेतात घातली, लायसन्स गेलं. माझी झोप तर आधीच गेली होती. नवऱ्याकडे तोंड करून, श्वास चालू आहे ना, तेच बघत पडायचे.

शेवटी ऑर्हूस शहरातल्या संशोधन केंद्रात त्याने नाव घातलं. कित्येक महिने साखर उतरूच द्यायची नाही, म्हणजे हरवलेली जाणीव परत येते का, हे तिथे बघत होते. मग परीक्षा. साखर मुद्दाम हळूहळू खाली न्यायची, आकडा लपवायचा, आणि त्याला कळलं तर त्याने आपणहून सांगायचं.

"सोपं आहे," परीक्षेच्या दिवशी थोर्किल गाडीत म्हणाला. "नर्सचं तोंड बघायचं. ती घाबरली की म्हणायचं, मला कळतंय."

"आणि मग बस घेऊन मरायला मोकळा," मी म्हटलं. आत गेल्यावर मात्र माझ्या तोंडाला कुलूप, तशी ताकीदच होती.

नेहमीची नर्स आजारी, म्हणून ऐनवेळी सोल्वायला बोलावलं. सुट्टीच्या दिवशी समुद्रात डुबकी मारून आलेली, केस अजून ओले. आल्या आल्या तिने ज्यूसचा ग्लास त्याच्या उशाशी ठेवला. ती ग्लासकडे वळली की ओळखू, ही त्याची सोयही गेली. मग सलाईनमधून इन्सुलिन सुरू झालं. ती घडीघडी रक्त घ्यायची, आकडा बघायची, औषध कमीजास्त करायची, आणि तोंडाने तिच्या कोंबड्यांच्या गोष्टी. कुठली खुडूक बसते, कुठली शेजाऱ्याच्या बागेत पळते. चेहऱ्यावरची रेष हलेल तर शपथ. असा ताबा मी जन्मात पाहिला नाही. टक लावून लावून थोर्किल थकला.

"बाई, पुरे करा त्या कोंबड्या," तो एकदम खेकसला.

पाच वर्षांनी तो आवाज ऐकत होते मी. बोल रे, पुढचं बोल. मी ओठ दाताखाली धरले.

"काही जाणवतंय का?" सोल्वायने विचारलं.

"तुमची कटकट जाणवते."

"बरं. पण त्या तांबडीचं सांगायचं राहिलंच."

तिच्याकडे बघायचं सोडून त्याने डोळे मिटले. "मी कोंबड्यांवर कशाला चिडतोय?" तो हळूच म्हणाला. "साखर उतरलीय माझी. नक्की उतरलीय."

सोल्वायने ग्लास त्याच्या हातात दिला, आणि तेव्हा कुठे तिचा चेहरा सुटला. डोळे भरून आले होते. एवढा वेळ बाईने सगळं आत दाबून धरलं होतं, आणि मी तिला दगड समजत होते.

निघताना थोर्किलने माफी मागितली. "कोंबड्यांनाही सांगा माझं."

"कुठल्या कोंबड्या?" ती म्हणाली. "मी चौथ्या मजल्यावर राहते."

लायसन्स अजून आलेलं नाही. परवा बटाटे कच्चे राहिले म्हणून तो माझ्यावर ओरडला. मी काही म्हणायच्या आत त्याचा हात खिशातल्या ग्लुकोजच्या गोळ्यांकडे गेला होता. त्या रात्री मी भिंतीकडे तोंड करून झोपले.