आसारामच्या खांद्यावरचा म्हसोबा

तिसगावच्या शिवारातला म्हसोबा ऐन ऊसतोडीच्या हंगामात प्रगटला, हे लंकाबाईनं पक्कं ध्यानात ठेवलं होतं.

त्या साली ती नवऱ्याबरोबर फडावर गेलेली. पाडव्याला परत येऊन बघते, तर बांधावरचा हद्दीचा दगड चालत चालत तिच्या रानाच्या पार पल्याडच्या कडेला जाऊन बसलेला, अंगाला शेंदूर फासून! शेजारचा भावबंद आसाराम हात जोडून उभा.

"वहिनी, दृष्टांत झाला. देव म्हनला, मला हितंच ऱ्हायचंय. आता देवाला कोन हलवनार?"

दगडाच्या अलीकडचं सगळं सपाट रान आसारामनं नांगरलं. मोजणीवाला आला, तोही शेंदूर बघून हात जोडून परत गेला. नवरा त्याच झुरणीनं गेला. लंकाबाईनं डोळे पुसले, नारळ आणला आणि म्हसोबापुढं फोडला.

"ऱ्हा बाबा. पन ऱ्हायचं तर देवावानी ऱ्हा."

तिथून पुढं तिनं तो दगड असा मोठा केला म्हणता! बाजारात मेथीच्या जुडीबरोबर ती एक चमत्कार फुकट द्यायची. म्हसोबाला नवस बोलला आणि टेम्पो डिझेलावाचून करंजीचा घाट चढला. एका बाईला जुळं झालं, त्यातलं एक मिशीसकट. मिशी पाहिलेली माणसं अजून गावात आहेत. बघता बघता ओटा झाला, वर पत्रा आला, यात्रा भरू लागली. आसारामही खूश, कारण खोबरं त्याच्याच घरी जायचं.

आणि यंदा कंपनीची सृष्टी मॅडम आली. दिवसा सोलरची वीज कंटेनरएवढ्या बॅटऱ्यांत भरून ठेवायची आणि दिवेलागणीला सोडायची, असा प्रकल्प. सबस्टेशनला लागून असलेलं हे सपाट रान तिला पसंत पडलं. आसारामनं पेढे वाटले. मग मॅडमचं लक्ष ओट्याकडं गेलं.

"काका, हे देऊळ आमच्या कुंपणाच्या आत येतंय. बॅटऱ्यांजवळ भाविक चालत नाहीत. देव हलवा, नाहीतर आम्ही दुसरं गाव बघतो."

ओट्यावरच बैठक बसली. "वाजतगाजत दुसरीकडं बसवू," आसाराम म्हणाला.

म्हातारी मंडळी खवळली. "जागृत देव हाय! हात लावनाऱ्याचं वाटुळं हुईल!"

लंकाबाईनं पदर सावरला. "भावजी, दृष्टांत तुमालाच झाल्ता न्हवं? देवाला हितंच ऱ्हायचंय म्हनून? मग आता पेढं बघून देवाचं मन बदाललं व्हय?"

बैठक खदखदून हसली. मॅडम गाडीकडं निघाली. आसाराम तिच्यामागं धावला.

"अवो मॅडम, थांबा! देव न्हाई त्यो! दगड हाय, साधा दगड!"

"कसला दगड, भावजी? जरा मोठ्यानं. मला कमी ऐकू येतं." लंकाबाईला मुंगीचं चालणंसुद्धा ऐकू यायचं.

"हद्दीचा! म्याच हलवला. शेंदूरबी म्याच फासला. झालं समाधान?"



"न्हाई झालं," लंकाबाई म्हणाली. "ज्यानं आनला त्यानंच परत न्यायचा. दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाई."

दगड आसारामच्या खांद्यावर चढला. वैशाखाचं ऊन डोक्यावर. जुना बांध हाकेवर दिसत होता. तो तिकडं वळला, तशी लंकाबाई आडवी आली.

"तिकडं कुटं? इतकी वर्सं देव हुता. गावाला फेरी नको घालायला?"

हलगीवाला कुठून उपटला कुणास ठाऊक. वाजतगाजत, गल्लीगल्लीतून, दारादारात थांबत फेरी निघाली. आयाबाया सवयीनं आसारामच्या पायावर पाणी घालत होत्या. शेंदूर पाघळून त्याच्या कानामागून गळ्यात उतरत होता. तो वाकला की लंकाबाई म्हणायची, "सांबाळून, भावजी! देव पडंल."

ऊन कललं, तेव्हा कुठं दगड आपल्या जुन्या खड्ड्यात बसला. सगळं सपाट रान पुन्हा लंकाबाईच्या हद्दीत आलं. सृष्टी मॅडमनं सगळ्यांकडं बघून घेतलं आणि ती लंकाबाईपुढं येऊन उभी राहिली.

"आजी, मग आता तुमच्याशीच बोलायचं ना?"

"बोलू की. एकच अट हाय. बॅटऱ्यांना राखनदार लागंल ना? भावजींना उभं करा. इतकी वर्सं माज्या दगडाची राखन केली, हात बसलाय त्यांचा."

कपाळापासून गळ्यापर्यंत शेंदरी झालेला आसाराम दगडाशेजारीच मटकन बसला. तेवढ्यात नवसाला आलेली एक परगावची म्हातारी गर्दीतून वाट काढत पुढं आली, तिनं दगडाकडं आणि आसारामकडं नीट निरखून बघितलं आणि नारळ फोडला तो आसारामपुढं.