दुसऱ्या नऊ चौकटी

खोडरबराचा चुरा झटकला तरी एक काळपट वळी लेकीच्या दवाखान्याच्या फॉर्मला चिकटूनच राहिली, दहाव्या चौकटीत, जिथे मघाशी 'कधीच नाही'वर खूण होती आणि आता 'फार वेळा'वर आहे... कपड्यांच्या कारखान्यात, तपासणीच्या टेबलावर, जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच तिने ती नखाने खरवडून काढली. सदऱ्यांतले सुटलेले टाके हेरून त्यांवर लाल बाण चिकटवायचे, हे तिचं काम. हिच्या नजरेतून काही सुटत नाही, असं सुपरवायझरबाईसुद्धा म्हणतात. आणि पोटच्या पोरीच्या दुखण्याची दोन वर्षं मात्र सुटली.

सुटली, कारण समोर भिंगरी होती. भिंगरी म्हणजे धाकट्या जावेची मुलगी, लेकीच्याच वयाची, नऊ वर्षांची, सगळं घर डोक्यावर घेणारी. तिच्यापुढे आपली गोगलगाय म्हणजे अगदी शहाणं बाळ — वही हरवते, हाक ऐकत नाही, अर्धं गणित सोडवून खिडकीकडे बघत बसते, पण त्रास? काडीचा नाही. भिंगरीला ह्याच डॉक्टरीणबाईंकडे नेलं तेव्हा ही आई मनातल्या मनात सुखावलीच होती. खोटं कशाला बोलू, मी सुखावले होते. जावेचं अक्षर गिचमिड, म्हणून भिंगरीचा फॉर्मसुद्धा मीच भरून दिला होता, वळणदार अक्षरात — अठरा प्रश्न, पहिले नऊ लक्ष लागण्याचे, पुढचे नऊ चुळबुळीचे.

मग गोळी सुरू झाली, आणि महिन्याभरात भिंगरी ताटावरून न उठता जेवायला लागली.

"ताई, अहो, जादू झाली हो जादू!" म्हणत जाऊ हिच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली होती, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवताना हिने दात गच्च आवळून धरले होते. एका लहान पोरीच्या बरं वाटण्यावर आपण जळतो आहोत... लाज वाटली, पण जळफळाट काही गेला नाही. उलट गोगलगायीलाही तोच लक्ष न टिकण्याचा विकार, फक्त प्रकार दुसरा, असं कळल्यावर तो वाढलाच. डॉक्टरीणबाईंनी गेल्या खेपेला शांतपणे समजावलं होतं — "मेंदूत निरोप पोचवणारी रसायनं असतात. डोपामिन, नॉरएपिनेफ्रिन, अशी. धावत सुटणाऱ्या मुलांत आणि हरवून बसणाऱ्या मुलांत त्यांचं काम थोडं वेगळं चालत असावं, असं काही संशोधकांना वाटतं. अजून पक्कं नाही. हिलाही तीच गोळी देऊ कदाचित, कदाचित कमी, कदाचित वेगळी. बघत बघत ठरवावं लागेल."

कदाचित, कदाचित! जावेला जादू आणि मला कदाचित. तिला लेकीसाठी तीच गोळी हवी होती, तेवढीच, तशीच — आणि महिन्याभराने कुणाच्या तरी खांद्यावर डोकं ठेवून रडायचं होतं. म्हणून ह्या दुसऱ्या नऊ चौकटींची खाडाखोड. भिंगरीची उत्तरं पाठच होती. सतत पळत असते — फार वेळा. मधेच बोलते — फार वेळा. आपली पाळी येईपर्यंत थांबवत नाही... इथे हात अडखळला. शाळेच्या नळावर सगळ्यांना पुढे जाऊ देऊन, घंटा झाली की तशीच तहानलेली वर्गात जाणारी माझी पोर. फार वेळा, तिने खूण केली.

चार वाजता दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी फॉर्म वाचला, मग मान वर करून पोरीकडे पाहिलं. गोगलगाय खुर्चीत होती, हात मांडीवर, नजर खिडकीच्या गजांकडे; आल्यापासून तिने पायसुद्धा हलवला नव्हता.

"बसून बसून कंटाळलीस का गं?"

पोरीची नजर गजांवरच.

"बाळा? अगं, तुलाच विचारतेय."

"अं?"

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. फॉर्म फिरवून त्यांनी आईपुढे ठेवला, वर पेन्सिल ठेवली. "ही तुमच्या पुतणीची उत्तरं आहेत. मला हिची हवीत. यावरूनच मी औषध ठरवणार ना?"

कानशिलं तापली. काहीतरी बोलायला हवं म्हणून ती लेकीकडे वळली, तर लेकीच्या ओठांवर हसू होतं, आत्ताच कुठूनतरी घेऊन आलेलं, ह्या खोलीतलं नव्हे.

"कुठे होतीस गं?"

"इथेच." मग जरा विचार करून, अगदी खरं खरं, "तुला बोलावणार होते, आई. विसरले."

पेन्सिल हातात तशीच राहिली. वर्षभर ज्या जावेवर जळत होते ती आता आठवेना. जळत होते मी त्या जागेवर, जिथे ही रोज जाते, हसते, आणि जिथे मला न्यायचं विसरते. गोळीने ही इकडे आली, तर तिकडे कोण हसेल? विचारावंसं वाटलं, पण डॉक्टरीणबाई उत्तरांची वाट बघत होत्या. पोर पुन्हा खिडकीकडे वळली होती. तिच्या नजरेच्या सरळ रेषेत मीही डोळे लावले, नीट, कामावर लावते तसे, आणि मला नुसते गज दिसत होते.