विमानाच्या खांद्यावरची रेघ

मी डबी बोलून राहिली. टिनाची, पोटात पातळ लाल रंग असलेली. विमानाच्या अंगाला केसाएवढी भेग पडली, तरी माझा रंग तिच्यात शिरतो. वरून पुसून पांढरी भुकटी मारली, की ती भेग लाल रेघ होऊन वर येते. अंग न फोडता आतलं दुखणं सांगायचं, हे माझं काम.

माझे मालक दादाराव, विमानं तपासणारे. पंच्याऐंशी साली कपाशीवर फवारणी करणारं एक म्हातारं विमान बोरगावच्या माळावर आलं होतं. ते उडवणारा मधुकर जवळच्या सौंसरला मनकर्णाबाई नावाच्या शेतकरणीकडे जेवायचा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बाईनं बैलांचे खांदे तूप चोळून शेकले अन् उरलेल्या तुपात कुंकू कालवून थेट माळावर आली. शेतात राबते तो बैलच, म्हणाली. विमानाचा पंख जिथं जुळतो, त्या खांद्यालाही तिनं ते चोळलं. मधुकर हसला, पण वाकून पाया पडला.

पोळा झाल्यावर दादारावांनी तपासणी मांडली. जोडावर लाल रेघ उमटली.

फवारणीचा ठेका पुंडलिकरावांचा. आभाळ उघडलं होतं, अळी पानं खाऊन राहिली होती. रेघ पाहून ते हसले. "भेग कायची जी? बाईचं कुंकू होय ते. पुसा अन् उडवा."

मधुकरनं हेल्मेट चढवलं. दादारावांनी पुसायला चिंधी उचलली. मला तेव्हा बोलता आलं असतं, तर ओरडली असती. माणसाची खोडच वाईट. नको ते दिसलं, की त्याला दुसरं नाव देऊन मोकळा.

तेवढ्यात मनकर्णाबाई जेवणाचा डबा घेऊन पोचली. सगळं ऐकून तिनं डबा खाली आपटला.

"कुंकू मीच लावलं. पण माह्या कुंकवाच्या नावानं या पोराले वर धाडाल, तर याद राखा. धुवा ते, अन् पुन्हा पाहा."

"बाई, तुले विमानातलं काय समजते?"

"काही नाही समजत. पण खांदा दुखरा असन, तर आम्ही बैल जुपत नाही."

दादाराव गुडघ्यावर बसले. चिंधी पांढरी निघेस्तोवर जोड धुतला. मग मला उपडं केलं. तळाचा होता नव्हता तो रंग दिला. वाट पाहिली. पुसलं. भुकटी मारली.

रेघ आली. तीच, तिथंच, बोटभर.

मधुकरनं हेल्मेट काढलं. पुंडलिकराव जीपमध्ये जाऊन बसले.

ते विमान पुन्हा उडलं नाही. मी रिकामी झाली. मनकर्णाबाईनं मला मागून नेलं, तोंडात वात घातली अन् गोठ्यातली चिमणी केलं. सांजेला ती माझ्या उजेडात बैलांचे खांदे चाचपते.

कुंकू खुशाल लावा, बापहो. पण पुसून पाहायला भिऊ नका.