फुली मारलेला रांजण

मित्रांनो, आधीच नाक मुरडू नका. मी एक जुना रांजण आहे आणि माझ्या पोटाला मासळीचा वास येतो, हे मला कुणी सांगायला नको. हा वास मी जन्मतः आणलेला नाही. तो माझ्यात भरला गेला. कसा, ते ऐका.

माझा जन्म फिलिपिन्समधल्या विगान गावचा. तिथे कुंभाराची माती रेडा तुडवतो. त्या रेड्याने मला इतके तुडवले, की पुढे कुणी लाथ मारली तरी मला त्याचे काही वाटेनासे झाले. भट्टीत शेजारचा रांजण तडकला, मी टिकलो. कुंभाराने माझ्यावर बोटे वाजवली, खणखणीत आवाज आला आणि तो म्हणाला, "हा बसीचा." मला फार अभिमान वाटला.

बसी म्हणजे उसाच्या रसाची दारू. आमच्या इलोकोस मुलखात बारशाला, लग्नाला, मयताला तिच्यावाचून चालत नाही. पहिला घोट जमिनीवर सांडायचा, तो वाडवडिलांचा. मग आपला. खाऱ्या मासळीचे रांजण वेगळे आणि बसीचे वेगळे. एकदा मासळी मुरली की त्या रांजणात बसी कुणी घालत नाही, कारण तो वास जात नाही.

पिद्दिग गावच्या सबिनाने मला घरी नेले त्या साली तिला मुलगा झाला होता, मेल्चोर. त्याच्या बारशाला तिने उसाचा रस कढवला, झाडाची साल आणि खमीर घालून माझ्यात भरला, तोंडावर केळीचे पान बांधले आणि वरून चिखल लिंपला. "हे आता तुझ्या लग्नातच उघडायचं," ती बाळाला म्हणाली. बाळ मूठ चोखत होते. खांबांवरच्या त्या घराखाली मी उभा राहिलो. माझ्या आत बसी मुरत गेली आणि वर पोरगा वाढत गेला.

मेल्चोरचे लग्न लूसियाशी ठरले, त्याच सुमारास स्पॅनिश सरकारने घरच्या बसीवरची बंदी कडक केली. प्यायची तर सरकारी दुकानातून विकत घेऊन प्या! ऊस आमचा, घाम आमचा, आणि बसी मात्र त्यांची. अठराशे सात साली पिद्दिगच्या माणसांचे डोके फिरले. ती हाती येईल ते घेऊन दक्षिणेकडे, विगानच्या दिशेने निघाली. मेल्चोरही गेला. जाताना त्याने मला थोपटले आणि हसून म्हणाला, "आई, माझ्या माघारी उघडू नकोस हं."

नदीकाठी लढाई झाली आणि आमची माणसे हरली. काही मेली, काही पकडली गेली. मेल्चोरचा पत्ता नव्हता.

शेजारचा एस्तेबान धावत आला. "मानंग सबिना," तो म्हणाला, कारण थोरल्या बहिणीला आम्ही मानंग म्हणतो, "झडती यायलीय. बसी सापडली की घर बंडखोराचं. फोडून टाक तो रांजण!"

"पोराच्या लग्नाची आहे," सबिना म्हणाली. "तो आला आणि म्हणाला, आई, माझी बसी कुठंय, तर काय सांगू? घाबरून ओतली म्हणून?"

शिपाई आलेच. त्यांचा हवालदार आमच्याच मुलखातला होता. शिपायाने मला फोडायला दांडके उचलले, तर हा म्हणाला, "थांब. फोडला तर चार दिवस रडतील आणि विसरतील. आधी रिकामा कर. मग ह्या बाईलाच तिच्या हातानं खारी मासळी भरू दे. रोज वास येईल, रोज आठवण राहील."

मला आडवे केले. इतक्या वर्षांची बसी भळाभळा जमिनीत मुरू लागली. सबिना रडली नाही. तिने हात जोडले आणि मोठ्याने म्हणाली, "वाडवडलांनो, आज सगळीच तुमची. प्या पोटभर. पोर तेवढं माघारी धाडा."

हवालदाराचे तोंड उतरले. पण त्याने हुकूम फिरवला नाही. सबिनाने स्वतःच्या हातांनी मला मासळीने भरले. हवालदाराने माझ्यावर चुन्याची फुली मारली. म्हणजे हा बाटला, ह्याला पुन्हा तपासायचे कारण नाही. मित्रांनो, त्या दिवशी मला वाटले, त्यापेक्षा फोडला असता तर बरे.

सबिनाला तसे वाटले नाही. मासळी संपताच तिने आणि लूसियाने मला घासायला घेतले. राख झाली, पेरूच्या पाल्याचे उकळते पाणी झाले, भाताच्या तुसाचा धूर झाला. दर हंगामाला थोडा रस घालून बघायचा आणि तोंड वाकडे करून ओतून द्यायचा. एस्तेबान कुंपणावरून ओरडायचा, "मानंग, यंदा बसी पाजणार की कालवण?"

"तुला दोन्ही पाजते, जरा दम धर!" सबिना म्हणायची.

नवा रांजण आणायची सोय नव्हती, कारण गावात नवा रांजण दिसला की पहिली झडती त्याची. एकदा तोच हवालदार झडतीला आला. त्याने सगळ्या घरांखालचे रांजण हुंगले, माझी फुली पाहिली आणि लांबूनच पुढे गेला. सबिना पाहत राहिली. लूसियाने पुन्हा घासणी उचलली, तर तिने हात धरला. "बाहेरून राहू दे गं. काठाला वर थोडी मासळी अजून फास." त्या दिवसापासून मी आतून घासला जाऊ लागलो आणि बाहेरून बरबटलेला राहू लागलो. फुली पुसट झाली की सबिना स्वतः चुना घेऊन बसायची.

मेल्चोर आला तेव्हा त्याचे केस पिकायला लागले होते. बंडाची शिक्षा म्हणून दूरच्या बेटावर दगड फोडून हात खडबडीत झाले होते. आईच्या पाया पडला आणि म्हणाला, "रांजण आहे ना?"

"आहे," सबिना म्हणाली. "आणि रिकामा नाही."

लूसिया थांबली होती. लग्न झाले. दाखवायला म्हणून सरकारी दुकानातली बाटली दाराशी ठेवली होती, तिला कुणी हात लावला नाही. घराखाली माझे तोंड उघडले. सबिनाने पहिला घोट जमिनीवर सांडला आणि दुसरी करवंटी एस्तेबानच्या हातात दिली. सगळे त्याच्या तोंडाकडे बघू लागले. माझा तर जीव टांगणीला लागला.

त्याने घोट घेतला. डोळे मिटले.

"खारट आहे," तो म्हणाला. मग करवंटी पुढे केली. "भर आणखी."

त्या दिवशी मी तळापर्यंत रिकामा झालो.

मित्रांनो, आता माझा काठ उडालाय आणि फुलीला कुणी चुना लावत नाही. तुमच्या घरात असे एखादे वास मारणारे, डागाळलेले भांडे असेल, तर फेकण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला त्याच्याबद्दल विचारा. आणि मला ठेवणार असाल, तर एवढे करा. फुलीवर चुन्याचा एक हात फिरवा. सबिनाच्या हातची आहे ती.